दोन लिंबांच्या मधली जागा

१

“पोरी, त्या लिंबावरनं लेकराची गाडी नेऊ नगं. खाली उतर, वळसा घे, मग चढ परत.”

गोजाबाईंनी हे सांगितलं तेव्हा विजयश्रीने ते हसण्यावारी नेलं होतं. फुटपाथ नवा कोरा होता, शेजारचा सायकल ट्रॅक तांबडाजर्द होता, आणि खाली रस्त्यावरून चाकणकडे निघालेले कंटेनर धुरळा उडवत चालले होते. दोन वर्षांच्या लेकीला घेऊन त्या रस्त्यावर उतरायचं, ते एका लिंबासाठी? तिने बाबागाडी तशीच पुढे ढकलली. चाक लाल रिंगणातून गेलं. काळ्या कापडाची बाहुली जराशी सरकली. गोजाबाईंनी पेरूच्या पाटीवरचा हात कानाला लावला आणि तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मात्र विजयश्रीने चाक धुतलं. ब्रशने घासलं. लाल डाग काही निघाला नाही.

विजयश्री आर्किटेक्चर शिकलेली. सई झाल्यावर नोकरी सुटली, पण एका सल्लागार कंपनीने घरबसल्या काम दिलं होतं. मोशीहून चिखलीकडे जाणाऱ्या या नव्या रस्त्यावर लोक कसे चालतात, सायकली कुठून जातात, ते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघायचं आणि त्यांच्या वाटा नकाशावर रंगीत पेन्सिलीने काढायच्या. रस्ता आखणाऱ्यांना त्यावरून कळतं, लोकांना खरोखर कुठून जायचंय ते. बघत राहणं हा तिचा स्वभावच होता. गॅसचं बटण ती दोनदा बघे. झोपलेल्या सईच्या नाकाखाली बोट धरून बघे. नवरा नंदकिशोर कंपनीत पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

तिच्या नकाशावर सगळ्या वाटा सरळ यायच्या आणि एका जागी अचानक रस्त्यावर उतरायच्या. थोडं पुढे जाऊन पुन्हा वर चढायच्या. जणू तेवढ्या जागेत न दिसणारं कुणीतरी पाय पसरून बसलं होतं, आणि सगळे त्याला वाट करून देत होते.

त्या जागेच्या दोन्ही टोकांना रोज पहाटे ताजा उतारा असायचा. लिंबू, लाल रिंगण, काळी बाहुली. दुसऱ्याची पीडा आपल्याला लागू नये म्हणून लोक त्यावर पाय देत नसत. कोण ठेवतं ते कुणी पाहिलं नव्हतं. धुकं विरायच्या आत तो तिथे असायचाच. नसायचा तो फक्त गुरुवारी. “गुरुवार दत्ताचा,” लोक म्हणायचे, “त्या दिवशी त्याचं काही चालत नाही.”

उताऱ्याला न घाबरणारा माणूस एकच. नानासाहेब. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, शेजारच्या इमारतीत एकटे राहणारे. मुलगा परदेशात. ते मुद्दाम रिंगणात पाय ठेवायचे, लिंबू उचलून खिशात टाकायचे. “फुकटचं सरबत!” मग सई दिसली की काठी आपटायचे, टक टक टक. ती त्यांना ‘टकआबा’ म्हणायची.

एकदा त्यांनी विजयश्रीला थांबवलं. “अगं, हे कुंकूच नव्हे. हळदीचं कुंकू लिंबाच्या रसाने पिवळं पडतं. मी पिळून बघितलं, हे ढिम्म हललं नाही.”

“हल्ली सगळं भेसळीचंच असतं, सर.”

“असेल. पण दोन दिवस साबण लावूनही जात नाही?” त्यांनी तांबडं बोट तिच्यापुढे नाचवलं. “पीडा नाही ही, रंग आहे रंग. आता कुणाचा ते बघ तू. तुला नाहीतरी बघायचीच सवय.”

बुधवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की गॅलरीच्या कठड्यापलीकडे काही दिसत नव्हतं. नानासाहेबांची काठी तेवढी ऐकू येत होती. टक. टक. मग आवाज थांबला. लिंबू उचलायला वाकले असतील, असं विजयश्रीला वाटलं. आत सई रडली, म्हणून ती वळली.

त्यानंतर नानासाहेब कुणालाच दिसले नाहीत.

२

आधी लक्षात आलं ते विमलबाईंच्या. त्या विजयश्रीकडे आणि नानासाहेबांकडेही स्वयंपाक करायच्या. “सरांचं दार कालपासून बंद हाये ताई. फोन आत घरातच वाजतो, उचलत नाहीत. मग आता वाजायचा पण थांबला.”

विजयश्री चौकीवर जाऊन आली. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. “मुलाकडे गेले असतील, आळंदीला गेले असतील. मोठं माणूस आहे, मॅडम. दोन दिवस वाट बघा.”

शेजारच्या इमारतीत विचारलं, तर तिथे आणखी वेगळंच. बायका दार अर्धंच उघडत होत्या. “रोज लिंबू उचलायचे हो. किती वेळा सांगितलं त्यांना.” कुणी शोधायला निघालं नव्हतं. जे झालं ते का झालं, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. मग शोधायचं काय?

शुक्रवारी सकाळी विजयश्रीने खाली पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा पाहिलं.

लिंबं नव्हती. बाहुल्या नव्हत्या. गुरुवारी नव्हती ते नेहमीचंच होतं, पण आज? पहिल्या शिफ्टची माणसं डबे हलवत आली, त्या जागेपाशी अडखळली, एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाने पाय पुढे टाकला. काही झालं नाही. त्याच्यामागून सगळे सरळ चालत गेले. त्या न दिसणाऱ्याने जणू पाय आखडून घेतले होते.

“आता नाही यायची लिंबं,” कणीक मळता मळता विमलबाई हळूच म्हणाल्या. “पोट भरलं त्याचं.”

विजयश्रीचा असल्या पोटांवर विश्वास नव्हता. पण रोज न चुकता होणारी गोष्ट एक माणूस नाहीसा झाल्याबरोबर थांबली, हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. लिंबं हाताने ठेवली जात होती आणि हातानेच थांबवली गेली होती. आता त्यांची गरज उरली नाही, हे ठेवणाऱ्याला कळलं होतं. का कळलं, हे ज्याला ठाऊक, त्यालाच नानासाहेब कुठे आहेत ते ठाऊक असणार. आणि घराबाहेर पडलेला म्हातारा माणूस अन्नपाण्याशिवाय किती टिकणार?

तिने सईला गाडीत बसवलं आणि खाली उतरली.

३

“मावशी, लिंबं कोण ठेवत होतं?”

गोजाबाई पेरू पुसत होत्या. रस्त्याखाली गेलेली जमीन त्यांच्या घरची. फुटपाथवर पाटी मांडायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती, आणि कुणी विचारलीही नव्हती. “मला काय ठावं? जागाच तसली हाय. माझ्या धाकल्या दिराला हितंच पान लागलं. सापाचं.”

“पण उतारा तर तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथे ठेवतात ना? हा सरळ वाटेवर, मधोमध?”

गोजाबाईंचा हात थांबला. “व्हय गं. आन् एकाला दोन कशापायी? अलीकडं एक, पलीकडं एक. आमच्यात असलं न्हाई.”

“म्हणजे तुम्ही नाही ठेवलीत?”

“म्या?” गोजाबाईंनी पेरू पाटीत टाकला. “आगं, लोकं माझ्या पाटीच्या आधीच खाली उतरत्यात. आन् म्या माझ्याच पोटावर लिंबू ठिवू व्हय? शिकल्याली ना तू?”

विजयश्री ओशाळली. पण एक गोष्ट हाती लागली होती. उतारा टाकणाऱ्याला पीडा काढून टाकायची नव्हती. तसं असतं तर एक लिंबू पुरलं असतं. दोन टोकांना दोन ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी येणारा माणूस अडवायचा होता. हा उतारा नव्हता, कुंपण होतं.

लोकांनी फुटपाथवर येऊ नये असं कुणाला वाटत होतं? अख्ख्या रस्त्याला त्याचं नाव ठाऊक होतं.

“सायकल ट्रॅक म्हणे!” हार्डवेअरवाले रंगराव ती दिसताच सुरू झाले. त्यांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर सिमेंटच्या गोण्यांची थप्पी होती आणि ट्रॅकवर टेम्पो उभा होता. “सायकलवाले किती? दोन. त्यातला एक माझाच नोकर. गिऱ्हाइकाने माल काय डोक्यावर न्यायचा का, ताई? तुमच्या त्या नकाशात माझं दुकान तरी दाखवलंय का?”

“दाखवलंय. ट्रॅकवर चढलेल्या टेम्पोसकट.” विजयश्रीने बाबागाडी तिरकी केली. “हा डाग कशाचा, सांगाल?”

रंगरावांनी अंगठा घासला, नाकाशी नेला. “रेड ऑक्साइड. फरशीत घालतात, ब्लॉकमध्ये घालतात. आहे ना माझ्याकडे, किती पाहिजे?” आणि मग तिच्या नजरेकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. “ओ ताई. असं बघू नका. लिंबाखालचा रंग का हा?”

“हो. आणि लोक फुटपाथवर फिरकले नाहीत, तर फायदा तुमचाच.”

“फायदा आहे की! नाही कुठं म्हणतोय? पण मास्तरांशी माझं वाकडं नव्हतं हो. रोज मला तोंडावर शिव्या घालायचे. पाठीमागे घालणारे वेगळे.” ते खरोखरच दुखावले होते. “काल गुरुवार. कंपन्यांना सुट्टी, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यातही मी दोनदा त्यांच्या दारावर नोकर पाठवला. विचारा त्याला.”

विजयश्री मागे फिरली आणि दहा पावलांवर थबकली.

गुरुवार.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. म्हणून त्या दिवशी कामगार खरेदीला बाहेर पडतात, आणि रंगरावांना टेम्पोसाठी सगळ्यात जास्त जागा लागते ती गुरुवारीच. लिंबं रंगरावांची असती, तर गुरुवारी ती हमखास असती. ती नेमकी गुरुवारीच नसायची. याचा दत्ताशी काहीएक संबंध नव्हता. लिंबं ठेवणाऱ्यालाच त्या दिवशी सुट्टी असायची.

गुरुवारी सुट्टी असणारा, आणि रोज तांबड्या रंगात हात घालणारा.

४

इमारतीच्या फाटकापाशी आली तेव्हा सई गाडीतून खाली उतरायला धडपडू लागली. विजयश्रीने तिला उतरवलं. पोरगी तुरुतुरु चालत फाटकाजवळच्या गटाराच्या जाळीपाशी गेली, उकिडवी बसली आणि कान खाली लावल्यासारखी मान कलती केली.

“सई, घाण आहे ती. इकडे ये.”

सईने बोट ओठावर ठेवलं. मग जाळीकडे दाखवलं. “टकआबा.”

विजयश्री बाबागाडी सोडून तिच्याजवळ गेली.

“काय म्हणालीस?”

“टकआबा. टक टक.”

ती गुडघ्यावर बसली. जाळीतून कुजका, ओला वास येत होता. खाली पाण्याची बारीकशी धार होती. रस्त्यावरून एक कंटेनर गेला आणि सगळी जमीन गुरगुरली. तो जातोय तोच दुसरा आला. तिने डोळे मिटले, श्वास रोखला. काही नाही. फक्त गुरगुर. मुलांना काहीही ऐकू येतं, तिने स्वतःला सांगितलं. सईने मात्र तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आईलाच ऐकू येत नाही.

हे पावसाळी गटार फुटपाथच्या पोटातून जात होतं. आराखड्यावर विजयश्रीने ते कितीदा पाहिलं होतं. लिंबांच्या जागेपासून रंगरावांच्या दुकानापर्यंत माणूस वाकून जाईल एवढं रुंद, तिथून पुढे या जाळीपर्यंत अरुंद पाइप. लिंबांच्या जागी आराखड्यात काय होतं, ते आता तिला लख्ख आठवलं. तिथे एक चौकोन होता. चेंबरचं झाकण.

तिने सईला कडेवर घेतलं आणि धावत सुटली.

५

लिंबांच्या जागेवर आज नव्या काँक्रीटवर ओली गोणपाटं पसरली होती आणि ठेकेदाराचा सुपरवायझर गणराज त्यांच्यावर नळीने पाणी मारत होता. लातूरकडचा, पंचविशीतला, सडपातळ पोरगा. येणाऱ्याजाणाऱ्याला हसून वाट देणारा.

“काय मॅडम, आता मस्त झालंय ना चालायला?”

“गणराज, तुम्हाला गुरुवारी सुट्टी असते ना?”

“हो. काँक्रीटचा प्लांट बंद असतोय.”

“म्हणून गुरुवारी लिंबं नसायची.”

नळी त्याच्या हातातून सुटली. पाणी फुटपाथवरून रस्त्यावर वाहायला लागलं. तो ती उचलायला वाकला नाही.

“रंग ट्रॅकचा होता,” विजयश्री म्हणाली.  “मध्ये चेंबर उघडं होतं, म्हणून दोन्हीकडे लिंबू. बुधवारी त्यावर काँक्रीट पडलं, म्हणून आता लिंबाची गरज नाही. खरं सांगा. मला ओरडायला वेळ नाही.”

“झाकण आलंच नव्हतं, मॅडम.” तो एकदम लहान मुलासारखा बोलायला लागला. “मी रोज सांगायलो होतो मालकाला. ते मनले, प्लायवूड टाक, वरून रंग मार, फोटोवाले यायलेत. मी प्लास्टिकचा कोन ठेवला, चोरीला गेला. फीत बांधली, कुनीतरी तोडून टेम्पो लावला. रोज लेकरं, म्हाताऱ्या त्याच्यावरून जायलेत. माजी झोप उडाली होती. मग मनलं, लिंबाला कुनी हात लावनार नाही.”

“एक माणूस लावायचा. लिंबू होतं म्हणूनच तो तिथे जायचा.”

गणराजने वर पाहिलं. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो पहाटे लिंबं ठेवून दुसऱ्या साइटवर जायचा. परत येईपर्यंत एखादं लिंबू नाहीसं झालेलं असे. गायीने खाल्लं असेल, असं त्याला वाटायचं.

“बुधवारी काय झालं?”

“परत आलो तर प्लाय फुटलेला. रोजच्या पान्यानं कुजला होता. मी बॅटरी मारून पाह्यलं, मॅडम, आईची आन! कुनी नव्हतं. हाका बी मारल्या. मग दुसऱ्या साइटवरचं झाकण आनलं, बसवलं, वरून काँक्रीट टाकलं.”  “एक चप्पल दिसली होती खाली. मनलं, पान्यात वाहून आली असंल. दोन दिवस तेच मनायलोय मी. वाहून आली असंल. वाहून आली असंल.”

गटारात तर हिवाळ्यात जेमतेम एक धार होती. चप्पल वाहून आणेल एवढं पाणी त्यात नव्हतंच, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

विजयश्रीने मान वळवून रस्त्याच्या लांबीकडे पाहिलं. खाली पडलेल्या माणसाला वर चढता आलं नाही, तर तो कुठे सरकेल? उजेडाकडे. गटारात उजेड एकाच बाजूला होता, तिच्या फाटकाजवळच्या जाळीत. पण तिथवर पोचायच्या आधी गटार अरुंद होत होतं.

“गाड्या थांबवा,” ती म्हणाली. “सगळ्या गाड्या थांबवा! मला ऐकायचंय.”

६

आधी गोजाबाई पाटी सोडून उठल्या आणि पदर खोचून भर रस्त्यात उभ्या राहिल्या. मग रंगराव दोन्ही हात पसरून कंटेनरसमोर गेले. ड्रायव्हर शिव्या देत होते, हॉर्न वाजत होते. रंगराव त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, “इंजिन बंद कर भावा! माणूस आहे खाली!” एकेक इंजिन बंद पडत गेलं. फुटपाथवरचे कामगार जागच्या जागी थांबले. त्या रस्त्यावर अशी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती. लांब कुठेतरी कारखान्याचा भोंगा झाला आणि विरला.

विजयश्री सईला कुशीत धरून जमिनीला कान लावून पडली होती.

टक.

बराच वेळ काही नाही. लोकांचे श्वास ऐकू येत होते.

टक. टक.

“गोण्या!” ती किंचाळली. “रंगराव, तुमच्या गोण्यांखाली!”

थप्पीखाली दुसरं चेंबर होतं. रंगरावांनी पहिली गोणी स्वतः फेकली. झाकण उचकटलं, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत गणराज आत उतरला होता. त्याच्या मोबाइलचा उजेड आत आत गेला आणि दिसेनासा झाला.  मग आतून त्याचं रडणं ऐकू आलं, आणि ते रडणं आहे की हसणं, हे विजयश्रीला कळेना.

नानासाहेबांना वर काढलं तेव्हा त्यांचा एक पाय भलत्याच दिशेला वळलेला होता आणि ओठ पांढरे पडले होते. मुठीत काठी घट्ट होती. विजयश्रीने त्यांच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. एक घोट घेऊन ते पुटपुटले, “लिंबू कालच संपलं.”

रुग्णवाहिका आली, गर्दी झाली, पोलीस आले. सगळे स्ट्रेचरमागे धावले. त्या गडबडीत गणराज कधी निघून गेला, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर टाकलं. झाकण बसलं नव्हतं हे आपल्याला कुणी कळवलंच नाही, असं तो म्हणाला. विजयश्रीने चौकीवर जाऊन आपलं म्हणणं लिहून दिलं. गणराजचा फोन बंद येतोय. त्याची आई सोजराबाई गावाहून विजयश्रीला फोन करते, एकच विचारते, “माजं लेकरू जेवलं का गं, बाई?” 

दवाखान्यात नानासाहेब पाय टांगून पडले आहेत. मुलगा येऊन गेला. “त्या पोराला शोध,” ते तिला म्हणाले. “सगळ्या रस्त्यात लोकांना वाचवायला धडपडलेला तो एकटा. अक्कल चुकली त्याची, पण धडपडला ना? माझी काही तक्रार नाही, त्याला सांग.”

ती गेली होती. जाधववाडीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे तो राहायचा. खोलीला बाहेरून कुलूप होतं. शेजारचा म्हणाला, मित्राकडे गेला असेल. कोणता मित्र, ते कुणालाच सांगता आलं नाही. गावाला गेला असेल, दुसरी साइट धरली असेल, असंही लोक म्हणाले. त्यांच्या बोलण्यातला तो निवांतपणा विजयश्रीने ओळखला. तो तिने चौकीवरही ऐकला होता.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही चिखली, मोशी, चाकण, या बाजूला राहत असाल आणि तुमच्या चाळीत, तुमच्या मागच्या खोलीत नवीन भाडेकरू आला असेल, सडपातळ, डाव्या भुवईवर जुनी खूण असलेला, लातूरकडचं बोलणारा, कुणात न मिसळणारा, तर आज त्याच्याकडे जाऊन या. दार बंद दिसलं तर झोपला असेल म्हणून पुढे जाऊ नका. कडी वाजवा. आणि आतून माणसाचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहा.